पाठ केलेला तक्ता

लुधियाना, ९ सप्टेंबर १९६५

चि. लोची यास,
भैणजीचे पोटभर आशीर्वाद, आणि कान पिळून कौतुक.

काल रेडिओवर तुझं नाव आलं. फ्लाइट लेफ्टनंट त्रिलोचन सिंग, वीरचक्र! मी वॉर्डात एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात थेंब घालत होते, ते थेट त्याच्या मिशीत गेले. गावात ग्रंथी भाईजींनी गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून तीनदा पुकारलं म्हणे. बीजी हातात गंडासा घेऊनच मुलाचं नाव ऐकत उभ्या होत्या. शत्रूचे छत्रीवाले सैनिक शेतात उतरल्याचं कळल्यापासून त्या तो गंडासा खाली ठेवतच नाहीत. गुरांचा चारा तोडायला शेजारून दुसरा आणलाय.

आता खरं काय ते सांग. दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडून डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं ओळीने लिहून मागवलीस. नुसती गंमत, म्हणालास. मी डोळ्यांच्या इस्पितळातली नर्स, तरी बावळटासारखी पाठवली. गेल्या दिवाळीत वेशीवर आलेल्या बसची पाटी तुला वाचता आली नाही, ते मी पाहिलंय. मग मैलोन् मैल लांबचं विमान तुला कसं दिसलं रे?

वाचून फाडून टाक. माया आहेच, उत्तराची घाई कर.
तुझी भैणजी, दर्शन

११ सप्टेंबर

ती. भैणजींना,
लोचीचं पैरी पौणा.

आमचं टपाल उघडून बघतात, म्हणून हे पत्र धोब्याकरवी बाजारातल्या पेटीत टाकतोय. दाढी अजून शाबूत आहे, ऑक्सिजनच्या मुखवट्यात कशीबशी कोंबतो. जेवण बरं, झोप कमी.

तुमच्यापासून काय लपणार! ते विमान मला दिसलंच नव्हतं. माझ्या शेजारच्या विमानात उडतो तो मुथण्णा, कूर्गचा, चोवीस वर्षांचा, घारीची नजर. तो रेडिओवरून कानात ओरडला की डावीकडे, वर, दोन आहेत. मी आंधळ्यासारखा वळलो. जवळ गेल्यावर मात्र मला सगळं दिसतं, आणि जवळून माझ्यासारखा नेम इथे कुणाचा नाही, हे गर्वाने नाही सांगत. डोळे त्याचे, बोट माझं, अशी आमची जोडी आहे. पदक मात्र एकट्या माझ्या छातीवर आलं. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त नाचला. डोळ्यांचं त्याला काही ठाऊक नाही, मीच त्याला आधी शोधायची सवय लावलीय.

तक्ता जूनच्या तपासणीत घडाघडा म्हणून दाखवला. रागावू नका. चष्मा लागला की विमान सुटलं. आणि ऐन लढाईत मी डोळ्यांचं निमित्त पुढे केलं, तर वीरचक्रवाला घाबरला, असंच म्हणतील ना सगळे? बीजींना भोंग्यावरून हेही ऐकवायचं का?

लोभ असू द्या, थोडा जास्तच.
तुमचा लोची

लुधियाना, १३ सप्टेंबर

लोची,
आशीर्वाद आहेत, पण आज ते दातओठ खाऊन देतेय.

मुथण्णा तुझी पाठ राखतो, ठीक. त्याची पाठ कोण राखतं? तूच ना? मग त्याच्या मागे कुणी आलं तर तुला काय दिसणार आहे, कप्पाळ? त्याला वाटतं, आपल्या शेजारी दोन डोळे आहेत. तू त्याला फसवतोयस, आणि तक्ता पाठवून मीही फसवलंय. तुझं पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही मला.

ऐक. रविवारपर्यंत तू स्वतःहून डॉक्टरांकडे गेलास तर ठीक. नाही तर सोमवारी मी तुझ्या कमांडरसाहेबांना लिहिणार. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तू मला जन्मभर तोंड दाखवणार नाहीस, तेही सोसेन. दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर मला भाऊ नको.

अस्सू महिना लागतो त्या संग्रांदेच्या सणाला चार दिवस गावी जातेय, उत्तर तिकडेच पाठव.
दर्शन

१५ सप्टेंबर

ती. भैणजींना पैरी पौणा.

बोलाफुलाला गाठ म्हणतात ती हीच. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या सकाळी ते घडूनही गेलं होतं.

वळताना मुथण्णाने मला विचारलं, मागे कुणी आहे का. मी मान वळवून पाहिलं आणि सांगितलं, आभाळ मोकळं आहे. ते मोकळं नव्हतं. पुढच्या क्षणी त्याच्या पंखाला हे एवढं भोक पडलं, ताट जाईल एवढं. कसा खाली आला ते वाहेगुरूला ठाऊक. उतरून हसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, सर, सूर्य डोळ्यांवर आला असेल. मी हो म्हणालो. भैणजी, मी चक्क हो म्हणालो.

त्याला नवं विमान मिळालंय. उद्यापासून पुन्हा आम्ही दोघंच. तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर जायला तयार नाही. पाया पडतो, साहेबांना लिहू नका. लढाई थोड्या दिवसांत थांबेल असं सगळे म्हणताहेत. तेवढे दिवस निघाले की मी आपणहून डॉक्टरांना डोळे दाखवायला जाईन.

तुमचा, लोभाला न शोभणारा,
लोची

बसंतकोट, १८ सप्टेंबर

चि. त्रिलोचन यास आशीर्वाद. बीजी सांगताहेत तसं मी ग्रंथी उतरवतोय, माझ्या पदरचं यात काही नाही.

बाळा, दर्शन आली तशी दुसऱ्याच दिवशी परत गेली, इस्पितळात जखमी भरलेत म्हणून बोलावणं आलं. काल तुझं पत्र आलं. अक्षर तुझं, एवढं ओळखलं, नाव कुणाचं ते मला काय कळतंय? आणि आपल्याकडे पत्र कुणा एकाचं कधी होतं रे? अंगणात आठ बायका ऐकायला बसलेल्या. भाईजी एक ओळ वाचून खोकायलाच लागले. मी बायकांना लस्सी पाजून वाटेला लावलं आणि मग सगळं वाचून घेतलं. दोनदा वाचून घेतलं.

लोक भित्रा म्हणतील याची तुला धास्ती असेल, तर म्हणू देत. माझ्या दारात येऊन म्हणू देत, बघते मी एकेकाला. दर्शनला मी यातलं काही कळवलेलं नाही. तुला जा किंवा जाऊ नको असंही सांगत नाही. तू आता मोठा माणूस आहेस.

माझं एकच काम कर. त्या मुथण्णाच्या आईचा पत्ता पाठव. वाहेगुरू न करो, पण त्याला काही झालं तर मी तिच्याकडे जाईन. कितीही लांब असो, जाईन, तिच्यासमोर जमिनीवर बसेन. तिला काय सांगायचं तेवढं मात्र तू लिहून दे. काल दुपारपासून विचार करतेय, मला काही सुचत नाही.

जेवत जा.
तुझी बीजी

२० सप्टेंबर

ती. बीजींना,
लोचीचं पैरी पौणा.

भाईजी, हे पत्र मोठ्याने वाचा. अंगणात बायका असल्या तरी वाचा.

तुमचं पत्र आज सकाळी साडेअकराला मिळालं. बाराला आम्ही उडणार होतो. मी विमानाकडे न जाता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तक्ता समोर ठेवला. सगळ्या ओळी मला पाठ होत्या, दिसत होत्या तीन. तीन वाचल्या आणि थांबलो. ते म्हणाले, पुढे वाच. मी म्हणालो, पुढचं दिसत नाही. जूनमध्ये कसं वाचलंस, विचारलं. पाठ केलं होतं, म्हणालो. अक्षरं कुणी पुरवली ते सांगितलं नाही, सांगणारही नाही.

आता चौकशी होईल. पदकाचं काय होईल माहीत नाही. मी पुन्हा लढाऊ विमान उडवणार नाही, एवढं नक्की. बीजी, बाहेर येऊन भिंतीला टेकून मी रडलो, तेही लिहून टाकतो.

माझ्या जागी दुसरा गेला. दुपारी मुथण्णा परतल्यावर त्याला सगळं मीच सांगितलं, पंखाचंही. जेवायला तो माझ्याच टेबलावर बसला, आणि मी उठेपर्यंत उठला नाही. मग मी त्याच्या घरचा पत्ता मागितला. कशाला, असं न विचारता त्याने लिहून दिला, तो सोबत जोडलाय.

त्या माउलीला काय सांगायचं, विचारलं होतंत. भाईजींकडून एवढंच लिहून घ्या, की तुमचा मुलगा आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुखरूप उतरला.

माझ्यावरची माया आटू देऊ नका. भैणजींना हे लगेच कळवा.
तुमचा लोची