बॉयलरचं गणित, नानांचा हात

४ मार्च
जुळलं! बॉयलरमधल्या पाण्याची पातळी पुढच्या मिनिटाला कुठे असेल, ते माझं समीकरण आधीच सांगतं. दोन महिन्यांच्या नोंदींशी शंभरात चौऱ्याण्णव वेळा जुळलं. साहेब खूश — "पाण्याची झडप आता संगणक फिरवेल. नाना सुखाने निवृत्त होतील." नाना म्हणजे आमचे बॉयलरवाले. सव्वीस वर्षं त्याच झडपेपाशी.

५ मार्च
फुशारकी एक दिवस टिकली. नाना रजेवर होते त्या आठवड्याच्या नोंदी घालून पाहिल्या. सपशेल तोंडघशी! बॉयलर तोच, झडप तीच. मग?

जेवताना नवरा म्हणाला, "ताटावर तरी तो बॉयलर बंद कर!"

६ मार्च
दुपारभर नानांशेजारी बसले. पातळीचा काटा हलायच्या आत त्यांचा हात झडपेवर!

"काटा बघून फिरवलं तर उशीर होतो, ताई. आवाज बदलला की समजायचं."

पातळी ढळायच्या आधीच नाना सावरतात. मी बॉयलरचं नाही, नानांचं गणित मांडलंय!

९ मार्च
साहेबांकडून वीस मिनिटं मागून घेतली. झडप फक्त मी सांगेन तेव्हाच हलवायची. नाना हात काखेत दाबून उभे. पाणी वाढवलं — पातळी आधी खाली! गार पाण्याने बुडबुडे बसतात, मग ती चढते. माहीत होतं, तरी नजर काट्यावरून हटेना.

"लावू का हात?"

"थांबा, नाना!"

थांबले बिचारे.

१० मार्च
नवं समीकरण शहाण्यासारखं वागतंय. एकच गोष्ट छळते. आत जाणारं पाणी आणि बाहेर पडणारी वाफ मीटरवर सारखी दिसली, तरी पातळी हळूहळू खालीच. साहेब — "मीटर चुकत असेल."

११ मार्च
दोन्ही मीटर तपासून घेतले. चोख. निचऱ्याची झडपही घट्ट. मग पाणी जातंय कुठे?

१२ मार्च
पाणी आतच कुठेतरी गळतंय, बॉयलर उघडून बघू म्हटलं, तर साहेबांशी कडाक्याचं वाजलं. "तुझ्या एका समीकरणापायी अख्खा कारखाना बंद ठेवू?" हो म्हटलं. जबाबदारी माझी, असं लिहून दिलं.

१४ मार्च
बॉयलर उघडला. मागच्या नळीला भेग, बोटभर लांब. किती दिवसांची, कुणास ठाऊक. कमी पडेल तेवढं पाणी नाना न चुकता भरत आले, म्हणून काटा कधी बोललाच नाही. त्यांना दाखवली. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे ताई, मीच लपवत होतो?"