सहाव्या पानावरची इस्मेताई

लायू, सेंट व्हिन्सेंट
सोमवार, ४ जून १९८४

चि. ऑल्बन व सौ. डोरेल यांस इस्मेताईचे अनेक आशीर्वाद.

टोरंटोत उन्हाळा लागला म्हणतोस आणि पुढच्याच ओळीत स्वेटर घालून बसलोय म्हणतोस. तो कसला उन्हाळा, ते तुझं तुला ठाऊक. इकडे सगळं ठीक. नीरफणसाची फांदी छपरावर टेकली होती, ती एल्फर्डने येऊन कापली. समोरचा सुतार रे, शाळेत तुझ्या दोन वर्षं पुढे होता तो. बायको जाऊन त्याला बारा वर्षं झाली.

या माणसाचं मला काही कळत नाही. तीन वर्षांत त्याने माझ्या पायऱ्या दुरुस्त केल्या, दार बसवून दिलं, दर शनिवारी ताजे मासे आणून देतो. ओट्यावर बसतो, पावसाचं बोलतो आणि उठून जातो. दोन वर्षांपासून त्याला आणखी एक खूळ लागलंय. स्वतःचे शर्ट स्वतः धुतो आणि दर सोमवारी बरोबर माझ्या ओट्यासमोर वाळत घालतो. मागे मी तुला लिहिलं होतं ना, निळीचे कसे नकाशे उठले होते त्यांच्यावर? आता मात्र पांढरेशुभ्र असतात. कोणाला दाखवायचेत देव जाणे.

थिओडोर जाऊन मला आठ वर्षं झाली. छप्पन्न वय झालं, आता कशाला लपवू? एल्फर्डने विचारलं तर मी हो म्हणेन. पण मी आपण होऊन विचारणार नाही, आणि जन्मभर वाटही पाहत बसणार नाही. हे तुझ्या आणि डोरेलच्या पोटात राहू दे.

माया आहे तशी ठेवा, थंडीत गोठू देऊ नका.
तुमची, इस्मेताई


टोरंटो
१२ जुलै १९८४

ती. इस्मेताईस ऑल्बनचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, डोरेलने तीनदा. ती म्हणते, एल्फर्डच्या तोंडात खिळे धरलेले असतील म्हणून बोलत नसेल.

आमच्या 'शंखा'चा अंक गेल्या गुरुवारी वेळेवर निघाला. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, मिठातले मासे विकणाऱ्यांकडे, सगळीकडे मीच गठ्ठे टाकून आलो. संपादक मी, हमालही मीच. आता घानाचे आणि नायजेरियाचे लोकही अंक मागू लागलेत. बेटांच्या बातम्यांत तुम्हाला काय गोडी, असं विचारलं तर एक घानाची नर्स म्हणाली की गाव कुठलंही असो, शेजारी सगळीकडे सारखेच. वाचक खूश आहेत. का खूश आहेत ते कधीतरी सवडीने सांगेन.

पुढल्या महिन्यातल्या मिरवणुकीचे पोशाख शिवण्यात डोरेल बुडाली आहे, म्हणून या खेपेला तुझं निळं पिंप मीच घाईघाईत भरलं. डबे, साबण, कापड, चर्चची टोपी, सगळं आहे. जहाज पोचलं की कळव. आणि पत्र मोठं लिही ताई, गावातली मांजरसुद्धा वगळू नकोस.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नये.
तुझा, ऑल्बन


लायू
मंगळवार, २१ ऑगस्ट १९८४

चि. ऑल्बन व सौ. डोरेल यांस इस्मेताईचे भरभरून आशीर्वाद.

बसून वाच. एल्फर्डने विचारलं! परवा रविवारी चर्च सुटल्यावर माझ्याबरोबर घरापर्यंत आला, पायरीवर उभा राहिला आणि टोपी हातात फिरवत एका दमात म्हणाला की इस्मे, माझी दोन्ही घरांत ये-जा फार होते, एकच घर केलं तर चालेल का. मी म्हटलं, आठ दिवसांनी सांगते. अरे, हो तर तेव्हाच जिभेवर आलं होतं, पण तीन वर्षं मला ताटकळत ठेवलंन, आठ दिवस त्यानेही काढावेत!

सगळ्यात बरं काय वाटलं सांगू? कोणी मध्ये पडलं नाही, कोणी ढकललं नाही. त्याचा तो आला.

आनंदात आहे, तुम्हीही असा.
तुमची, इस्मेताई


लायू
३ सप्टेंबर १९८४

ऑल्बन,

या खेपेला आशीर्वाद नाहीत. पिंप पोचलं. मांसाच्या डब्याला गुंडाळलेला कागद मी सरळ केला, कारण छापलेलं काही फेकवत नाही मला. तो तुझा 'शंख' होता. पान सहा, 'गावाकडचं पत्र'. त्यात माझा नीरफणस, माझ्या पायऱ्या आणि 'एल्फर्डने विचारलं तर मी हो म्हणेन'. माझ्या नावाऐवजी 'मिस आय' आणि त्याच्या नावाऐवजी 'सुतार' घातलंस. केवढी ही अक्कल! लायूत सुतार आहेत किती? दुसऱ्या डब्याच्या कागदावर माझं मार्चमधलं पत्र निघालं. किती वर्षं चाललंय हे?

एल्फर्डची बहीण व्हर्नीस तिथेच राहते. त्याला विचारलं, 'शंख' तुझ्याकडे येतो का. खाली बघून म्हणाला, दर अंक येतो, व्हर्नीस विमानाच्या टपालाने पाठवते. म्हणजे त्याचा तो आला नव्हता. अख्ख्या टोरंटोने वाचलं की लायूतली एक म्हातारी वाट बघतेय, आणि कीव येऊन हा पायरीवर उभा राहिला. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. शनिवारचे मासेही परत पाठवले.

मला पत्र लिहायला माणूस होता, तोही तू काढून घेतलास. मी रडले ऑल्बन, आणि ते छापू नकोस.

इस्मे


टोरंटो
१७ सप्टेंबर १९८४

ती. इस्मेताई, पायावर डोकं ठेवून सा. न. वि. वि.

चुकलो. कसा चुकलो ते सांगतो, मग हवी ती शिक्षा कर. एप्रिल ब्याऐंशीत तिकिटं विकणाऱ्या एका एजंटाने अंक छापायला जायच्या दिवशी जाहिरात मागे घेतली. सहावं पान अर्धं रिकामं, छापखानेवाला दारात. खिशात तुझं पत्र होतं, तेच जुळवलं. पुढच्या आठवड्यात फोन थांबेनात. बसचालक, धोबीखान्यातल्या बायका, सगळे विचारत होते की पुढचं पत्र कधी. कारखान्यातल्या कपाटांच्या दारांवर तू चिकटवलेली आहेस ताई. तुला सांगितलं असतं तर तू शाळेतल्या निबंधासारखं लिहू लागली असतीस, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला तुझा राग परवडला नसता.

गेल्या गुरुवारी ते अर्धं पान मुद्दाम कोरं सोडलं आणि खाली एवढंच छापलं की बहिणीला न विचारता तिची पत्रं छापली, संपादकाला लाज वाटते. पण माझ्या गुन्ह्याची शिक्षा एल्फर्डला देऊ नकोस. मी व्हर्नीसकडे जाऊन आलो. ती म्हणाली, दोन वर्षांपासून तो सगळं सोडून फक्त सहावं पान मागतो, क्रिकेटचंसुद्धा नको म्हणतो. ताईला सांग म्हणाली, त्याच्याकडचा बिस्किटांचा डबा एकदा उघडून बघ.

रागवलीस तरी लिहीत राहा.
तुझा अपराधी, ऑल्बन


लायू
सोमवार, ८ ऑक्टोबर १९८४

चि. ऑल्बन व सौ. डोरेल यांस अनेक आशीर्वाद, मागचे थकलेले धरून.

गेले मी. भांडायच्याच तयारीने गेले. रंधा मारत होता, तो थांबवून म्हटलं, डबा काढ. त्याने काढून दिला. माझी सगळी पत्रं त्यात होती, कडा सरळ कापलेल्या, सुतारच तो. सगळ्यात खाली एप्रिल ब्याऐंशीचं, तू छापलेलं ते पहिलं. मी काय लिहिलं होतं आठवतंय तुला? मला आठवत नव्हतं. लिहिलं होतं की थिओडोर चांगला होता, पण पुरुषाचे शर्ट घासून घासून माझी बोटं झिजली, आता या जन्मी कोणाच्या शर्टांसाठी टबापुढे उभी राहायची नाही, मग तो गव्हर्नर का असेना.

एल्फर्ड म्हणाला, तेव्हा तो विचारायलाच येणार होता. ते पत्र वाचून त्याने पाय मागे घेतला आणि टब विकत आणला. निळीच्या नकाशांवर मी हसले, तू ते छापलंस, त्याने ते वाचलं आणि नीळ कमी केली. मला दिसावं म्हणून दोरी ओट्यासमोर बांधली. मी हो म्हणेन हे वाचल्यावर मग बोलायचा धीर आला. अरे, त्याचा अर्ज दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर वाळत होता आणि मी विचारत होते, कोणाला दाखवायचेत!

मी तिथेच भुशावर बसले आणि रडले, हसलेही. मग हो म्हटलं. नाताळाआधीच्या शनिवारी लग्न आहे. फळं रममध्ये भिजत घातलीत, केकचा तुकडा व्हर्नीसलाही द्यायचा आहे.

पान सहा कोरं ठेवू नकोस, त्या बसवाल्याने माझं काय वाकडं केलंय? हे पत्र छाप. पण 'मिस आय' नको. इस्मे ओलिव्हियर, लायू, असं पूर्ण नाव घाल, आणि छापण्याआधी विचारत जा.

आज सोमवार. समोरच्या दोरीवर सहा शर्ट आहेत आणि त्यांच्या शेजारी माझा चर्चचा पांढरा झगा. हट्टाने घेऊन गेला होता. खांद्यावर निळीचा हा एवढा डाग पडलाय. तेवढं मात्र छापू नकोस, तो वाचतो.

दोघांकडून दोघांना माया.
तुमची, इस्मेताई