तपकिरी औषधाचा वास

अड्यार, चेन्नई
१८ मार्च २००७

प्रिय अद्वय,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. दचक. मी तर नोव्हेंबरपासून रोज दचकते आहे. लग्नानंतर मी इथे आले, हे तुला कळलं असेलच. कौशिकच्या घरचे तंजावरकडचे मराठी. सासूबाईंची मराठी निम्मी तमिळ आणि निम्मी पेशवाईच्या आधीची. कौशिक श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पहाटे कंपनीच्या बसने जातो. मी गिंडीच्या एका ऑफिसात फायलींशी आणि साहेबांशी डोकं लावते. बरं चाललं होतं रे, खरंच बरं चाललं होतं.

नोव्हेंबरात आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. नको त्या जागी, तांदळाच्या कणीएवढे तीन-चार दाणे. दुखत नव्हते, जराशी खाज यायची. उष्णता झाली असेल म्हणून मी शहाणी सब्जा पीत बसले. पंधरा दिवसांत फुलकोबीच्या तुऱ्यासारखा झुबका झाला. डॉक्टर अलकनंदांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, या गुप्तांगावरच्या चामखिळी आहेत, विषाणूने होतात, शरीरसंबंधातून येतात. वर त्यांनी एचआयव्हीची आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी लिहून दिली. दोन्हींत काही निघालं नाही, पण रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

घरी येऊन मी कौशिकला नाही नाही ते बोलले. गेल्या वर्षी तो सहा महिने ट्रेनिंगला परदेशी होता, एवढं मला पुरलं. तो परत परत म्हणत होता की मी काही केलेलं नाही, आणि मी दार आपटत होते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, यावरून काही सिद्ध होत नाही, हा विषाणू कधी कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो, कोणाचा कोणाला लागला हे सांगता येत नाही. मग मला विचारलं, लग्नाआधी कोणी होतं का? कौशिक शेजारीच बसला होता. मी मान हलवली. नाही.

त्यानंतर पाचच मिनिटांत त्यांनी बाटली उघडली. आजूबाजूला व्हॅसलीन लावून त्या काडीने तपकिरी औषध लावू लागल्या, चार तासांनी धुवायचं म्हणून बजावत. अद्वय, तो वास! लोबानासारखा. नाशिकच्या तुझ्या खोलीत खिडकीत ठेवलेली ती छोटी बाटली आठवते? मी थट्टा केली होती, कुठल्या बाबाचा ऊद लावतोस म्हणून. मोटारसायकलच्या सीटने पुरळ उठलंय असं तू सांगितलंस आणि मी विश्वास ठेवला. ते पुरळ खरं कशाचं होतं, हे मला त्या टेबलावर आडवी पडल्या पडल्या कळलं.

तरी मी गप्प बसले. हे लिहिताना माझीच मला किळस येते. आमचं भांडण सासूबाईंनी ऐकलं होतं. इकडे चामखीळ झाली की वैदीश्वरन कोविलच्या शंकराच्या देवळात जाऊन मीठ-मिरं वाहतात, मीठ विरघळतं तशी ती जाते म्हणून. खरं तर जिला झालं तिने वाहायचं. पण सासूबाईंनी कौशिकलाच वाहायला लावलं, तीन आत्यांच्या देखत, लेकाकडून चुकलं, सुनेला भोगायला लावू नको असं देवाला मोठ्याने सांगत. तो खाली मान घालून उभा होता, आणि मी प्रसादाची पिशवी धरून शेजारी. परतताना बसमध्ये तो हळूच म्हणाला की ट्रेनिंगला होतो तिथल्या हॉटेलातल्या टॉवेलने झालं असेल का गं. निर्दोष माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागला.

आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे औषध लावलं, सगळं गेलं. तीन आठवड्यांत दोन दाणे परत आले. पुष्कळांना येतात म्हणे. मग गार नायट्रोजनने जाळले, त्या वेळी मी ओठ चावून रक्त काढलं. आता अंग स्वच्छ आहे. पुन्हा येणारच नाही असं मात्र डॉक्टर लिहून देत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी केली, तीही चांगली आली.

परवा मी कौशिकला सगळं सांगितलं. तुझ्या नावासकट. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो उठला, डबे घासले, हात पुसले आणि एवढंच विचारलं, त्या माणसाचं लग्न झालंय का? मी सांगितलं, झालंय, बायकोचं नाव मधुवंती, तिला पाचवा महिना आहे असं नाशिकहून कळलंय. मग तो म्हणाला, तिला कोणी सांगितलंय का? त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि आमचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पण हे पत्र त्याच्या त्या प्रश्नासाठी आहे. गरोदरपणात हे दाणे झपाट्याने वाढू शकतात, आणि तपकिरी औषध तेव्हा अजिबात चालत नाही, बाळाला बाधतं. तेव्हा लपवालपवी करून घरच्या घरी काही लावू नकोस. तिला सगळं खरं सांग आणि डॉक्टरांकडे ने. आठ दिवसांत मधुवंतीचा स्वतःचा मला फोन आला पाहिजे, नंबर मागे लिहिला आहे. नाही आला, तर नवव्या दिवशी मी हेच सगळं पुन्हा लिहीन आणि पाकिटावर तिचं नाव घालीन.

एकेकाळी तुझी असलेली,
विद्युलता