आईच्या हातांचं स्टीअरिंग

हे पुरं लिहायचं मी अकरा दिवस टाळलं. आधी पेन नाही म्हटलं, मग खिडकीतून जाणाऱ्या गाड्यांची मॉडेलं ओळखत बसले. उद्या सकाळी नऊला डॉक्टर माझं डोकं उघडणार आहेत; तेव्हा ते ठिकाणावर आहे हे आजच लिहून ठेवलेलं बरं.

मी, कुरामोची नात्सुहो, वय सव्वीस, शाळा अर्धवट, कायमचा पत्ता नाही, सध्या मुक्काम कागोशिमाचं इस्पितळ, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वहस्ते लिहून ठेवते की:

एक. माझी हत्यारांची पेटी मावसभाऊ कोसाकूला द्यावी. त्यात दहा नंबरचा सॉकेट-पाना नाही, कारण तो तूच नेलास, कोसाकू. तू नवी गाडी घेतोयस म्हणे. घे. पण तिचा एसी लावायला स्क्रीनवर तीनदा बोट दाबावं लागतं, आणि डुलकी लागली की गाडीच म्हणते, कॉफी घ्या. तसल्या गाडीत आपण पाहुणे असतो. असो, भरकटले.

दोन. लाल गाडी. ती आईची, माझ्याच वयाची. आपल्याकडे गाडी उभी करायच्या जागेचा दाखला नसेल तर गाडी नावावर होत नाही, आणि मला जागा कधी नव्हतीच. म्हणून आई गेल्यावर ती कागदोपत्री बाबांची झाली. इथून हजारावर किलोमीटर लांब, शिबुकावात त्यांच्या गॅरेजमागे उभी असते. त्यातलं माझं म्हणजे सीट, सस्पेन्शन आणि गल्ली हादरवणारा सायलेन्सर. तेवढं बाबांना देते.

तीन. जे देता येत नाही ते. आईचं स्टीअरिंग मी विकलं. नवं, छोटं, शर्यतीचं बसवलं. बाबांनी गाडीचं दार उघडून पाहिलं.

"जुनं कुठंय?"

"विकलं. कातडं पार गुळगुळीत झालं होतं, हात घसरायचा."

"तिच्या हातांनी झालं होतं ते."

या गाडीत मी पुन्हा बसणार नाही, एवढंच पुढे म्हणाले. दार इतकं हळू लोटलं की ते लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्टीअरिंग परत आणायला मी निघाले, त्याला तीन वर्षं झाली. घेणाऱ्याने पुढे विकलं होतं, त्यानेही पुढे. उत्तरेतल्या सेंदाईपासून इथे दक्षिणेपर्यंत भंगारवाल्यांकडे, टायरच्या गोदामांत कामं केली. तशी सात स्टीअरिंगं सापडली. प्रत्येकावर हात ठेवून पाहिले. आईचं एकही नव्हतं.

चार. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी असते, आणि माझ्या सायलेन्सरवर ती पास होणं शक्यच नाही. गेल्या वर्षी कोसाकूने फोटो पाठवला: काचेवर तपासणी पास झाल्याचा नवा स्टिकर, मागे माझाच सायलेन्सर. म्हणजे बाबांनी मूळचा चढवला, कोसाकूकरवी गाडी पास करून आणली आणि माझा परत लावला. दोनदा गाडीखाली आडवे झाले, पण आत बसले नाहीत. बाबा, तो सायलेन्सर आता काढून टाका. त्याच्या आवाजापायी शेजाऱ्यांची वाकून वाकून माफी मागत पाठ गेली असेल. आणि जमलं तर एकदा आत बसा.

शेजारच्या खाटेवरच्या हात्सुए आजी परवा याचा कच्चा खर्डा डोकावून वाचत होत्या.

"पोरी, हे मृत्युपत्र आहे की गाडीची जाहिरात? बापाला फोन कर."

"इस्पितळाच्या फॉर्मवर नंबर दिलाय, आजी. पण फोन करू नका असं सांगितलंय सगळ्यांना."

"मला कुठे सांगितलंस?" म्हणाल्या, आणि संत्रं सोलायला लागल्या.

सहीच्या जागी उठवायचा माझा नावाचा शिक्का बाबांच्या घरीच राहिला, म्हणून अंगठा उठवते.

कुरामोची नात्सुहो (डावा अंगठा)
साक्षीदार पहिला: आरिमुरा हात्सुए, वय एकोणऐंशी
साक्षीदार दुसरा:
कागोशिमा, १९ नोव्हेंबर, दुपार

ता. क. दुसरी सही मागायला नर्सबाईंना हाक मारणार, तोच त्या स्वतःच आल्या. "नात्सुहो-सान, खाली एक लाल गाडी आलीय, काचा हादरल्या आमच्या! एक काका दिसेल त्याच्यापुढे वाकून माफी मागतायत. तुमचं नाव घेतात."

मी विचारलं, गाडी कोणी चालवत आणली?

"एकटेच आहेत," त्या म्हणाल्या.