अप्पांचं कोरं धोतर

सुभद्रे,

गिरणीतून दळण घेऊन आलीस की हे आधी वाच आणि चुलीत घाल. आई मोरयाच्या देवळातून यायच्या आत. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

रत्नागिरीहून दादाची तार आली. अप्पा अत्यवस्थ आहेत, आईला घेऊन ताबडतोब निघा, एवढंच लिहिलंय. आपण तेवढंच खरं धरायचं. तार खिशात घेऊन कंपनीत रजा मागायला चाललोय, तिथून पुण्याला उद्याच्या एस.टी.ची तिकिटं काढायला. आईला सांग, यंदा पाडवा रत्नागिरीच्या घरी करायचा ठरलाय.

ट्रंक भरून ठेव. तिकडे आता घामाच्या धारा, सुती लुगडीच घे. आईनं हिरवं काढलं तर नको म्हणू नकोस. घाटात तिला गाडी लागते, लिंबं वरच्या पिशवीत असू देत. घर टेकडीवर, चढाला तिची काठी हवी. अप्पांचा चष्मा दुरुस्त होऊन आलाय, तो माझ्या सदऱ्यात गुंडाळ. त्यांना लागेल. लागेलच.

आणि पाडव्यासाठी अप्पांना आणलेलं धोतर अजून कोरं आहे. तसंच ट्रंकेत दिसलं तर आई काय ते समजेल. बाबूकाका गेले तेव्हा तिरडीवर घालायला कोरं कापड तिनंच काढून दिलं होतं. म्हणून आल्या आल्या ते पाण्यातून काढ. वाळलं नाही तर ओलंच भर. बाकीचे कपडे भिजले तर भिजू देत, पण अप्पांना कोरं नेऊ नकोस.