अकरा खराब फोटो

रविवार, ३ मार्च. सकाळी साडेसात

आजपासून मी डॉक्युमेंटरी फोटोग्राफर. बावीस वर्षं पासपोर्ट साइज काढले, पुरे झालं. जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, लोक रस्त्यावर उतरतायत आणि मी स्टुडिओत बसून गिऱ्हाइकांच्या कॉलर सरळ करतोय. हे चालणार नाही.

चौदा खिशांचं जाकीट आणलं. एवढ्या खिशांत ठेवणार काय, असं हिने विचारलं. उत्तर दिलं नाही. कलावंताने सगळ्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

नियम ठरवले. एक, रोज किमान दोन तास रस्त्यावर. दोन, कुणालाही हसायला सांगायचं नाही. तीन, खराब फोटो कार्डावर ठेवायचा नाही, तिथल्या तिथे डिलीट. मोठे फोटोग्राफर मोठे का, तर त्यांचे खराब फोटो कुणी बघितलेलेच नसतात.

विषयही घरातलाच मिळाला. आत्याची इमारत.

सोमवार, ४ मार्च

तीन मजले, अठरा बिऱ्हाडं. बिल्डर म्हणतो इमारत धोकादायक आहे. रहिवासी म्हणतात नुसती डागडुजी करा, आम्ही इथेच राहतो. पालिकेने धोकादायक ठरवली की पंधरा दिवसांत सगळे बाहेर, आणि नवीन घर बिल्डरच्या मर्जीने, मिळेल तेव्हा. आत्या तळमजल्यावर राहते. मशीनवर पडदे आणि शाळेचे गणवेश शिवते. आई गेल्यावर दहावीपर्यंत मी तिच्याकडेच होतो.

आज पालिकेवर मोर्चा होता. पुढे धावत जाऊन कॅमेरा लावला आणि सवयीने हात वर करून ओरडलो, हलू नका! मोर्चा थांबला. मागच्यांना वाटलं, इथेच बसायचं ठरलंय. ते बसले. भर चौकात वीस मिनिटं गाड्या अडकल्या. शेवटी हवालदाराने मला विचारलं की आता यांना हलू देणार का. आंदोलनाला वळण देणं हेही कलेचं काम आहे.

पहिल्या रांगेतल्या बाईला मी हनुवटी थोडी खाली घ्या असंही म्हणालो म्हणे. मला आठवत नाही. फोटोत तिची हनुवटी खाली आहे.

गुरुवार, ७ मार्च

तिसऱ्या मजल्यावरच्या काचवाल्या काकांनी चाळीस मिनिटं पकडून ठेवलं. रिटायर्ड ओव्हरसियर. आत्याच्या खोलीतल्या भिंतीला एक उभी भेग आहे. काकांनी त्या भेगेवर आडवी, बोटभर लांबीची काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंट लावून बसवली आहे. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते, असं त्यांचं म्हणणं. सात महिने झाले, पट्टी अख्खी आहे. म्हणजे भेग जुनी आहे, मेलेली आहे, इमारत ठणठणीत. दर रविवारी वहीत नोंद करतात. वीस तारखेला पालिकेचा अधिकारी येणार, तेव्हा हीच पट्टी दाखवणार. अठरा घरांची सगळी भिस्त त्या काचेवर, असं तीनदा सांगितलं.

मी मान डोलावत होतो, पण लक्ष प्रकाशाकडे होतं. चार वाजून दहा मिनिटांनी खिडकीतून तिरपं ऊन त्या भेगेवर पडतं. काय भेग दिसते! माझ्या लहानपणी तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं असायचं. एवढा मोठा विषय कॅलेंडरखाली दडलेला होता आणि मी समोर बसून पाढे पाठ करत होतो.

शनिवार, ९ मार्च. संध्याकाळी सहा

फोटो मिळाला. आयुष्यातला फोटो.

फक्त एक अडचण आली. ऊन पडलं की पट्टी चमकायची आणि मधोमध पांढरा ठिपका. अकरा फोटो काढले, अकराही खराब. पट्टी अगदी स्वच्छ दिसत होती, भेग दिसतच नव्हती. नियम तीनप्रमाणे अकराही डिलीट. मग पट्टीवर रुमाल धरून पाहिला. वाईट दिसला. ऊन सरकत चाललं होतं. दहा मिनिटांसाठी पट्टी काढून परत लावली तर कुणाचं काय बिघडतं? फोटो कापायची कात्री जाकिटात होतीच (खिशांचा उपयोग, हिला सांगायला हवं). सिमेंटच्या कडेला टोक घातलं.

टक्.

आत्या आत चहा टाकत होती. काय पडलं रे, असं तिने विचारलं. लेन्सचं झाकण, असं सांगितलं.

फोटो मात्र अप्रतिम आला. नंतर दोन्ही तुकडे गोंदाने जागच्या जागी बसवले. लांबून कळत नाही. जवळून कळतं, पण इतक्या जवळून कोण बघणार?

सोमवार, ११ मार्च

शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. त्याच कार्डावर बाराशे मुलं. रस्त्यावर दोन तास झाले नाहीत. काल रविवारी काकांनी दारातूनच बघून वहीत 'अख्खी' लिहिलं. गोंद चांगला होता, महागातला.

गुरुवार, १४ मार्च

सांजदैनिकात फोटो छापून आला! नाव चुकीचं आहे, पण अर्ध्या पानाचा आहे. कॉन्ट्रास्ट मी जरा वाढवला होता, त्यामुळे भेगेत हात जाईल असं वाटतं. खाली लिहिलंय, 'केव्हाही कोसळेल.' हे मी सांगितलेलं नाही. मी फक्त वेदना म्हणालो होतो.

काकांचा फोन आला. फोटोत पट्टी का नाही, असं विचारत होते. कॉम्पोझिशन, असं सांगितलं. हिने कात्रण फ्रिजवर लावलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

उद्या अधिकारी येणार. आज जाऊन काकांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. नवीन पट्टी बसवून तारीख खरी लिहिता आली असती, झालं ते कबूल करता आलं असतं. पण आज डोकं दुखत होतं. शिवाय कला आणि तांत्रिक गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

बुधवार, २० मार्च. दुपारी

अधिकारी आला. हातात टॉर्च आणि खिशात माझा फोटो, घडी घातलेला. इतक्या जवळून कोण बघणार, असं मी लिहिलं होतं. तो बघतो. त्याचं कामच ते आहे. नखाने टोकरलं तसा एक तुकडा खाली पडला. काच तुटलेली आहे, म्हणजे भिंत हलते आहे, असं त्याने लिहून घेतलं.

काका पुढे आले. चष्मा कपाळावर चढवून पट्टीकडे बघत राहिले. गोंद त्यांना दिसला असेल असं वाटलं आणि माझी पाचावर धारण बसली. पण त्यांना भरून आलं होतं, दिसत काहीच नसावं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, माझंच चुकलं, मी तुम्हाला उगीच आशा लावली.

तेव्हा बोलायला हवं होतं. अठरा घरांतली माणसं त्या खोलीत उभी होती. मी कॅमेरा तोंडासमोर धरला. काकांचा फोटो आला आहे, अगदी शार्प. बघवत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

नोटीस लागली. पंधरा दिवस.

कुणी सांगावं, काच आपोआपही तुटली असती.

नसती तुटली.

बुधवार, २७ मार्च

आज सांगायचंच म्हणून निघालो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो. काका पुस्तकं खोक्यात भरत होते. सुतळी पकड म्हणाले, पकडली. सहा खोकी बांधली. ते म्हणाले, बरं झालं आलास, आत्याला जप, तिला ती खोली सोडवत नाहीये. हो म्हणालो आणि खाली आलो. जाकीट कपाटाच्या मागे टाकलं. कानाला खडा.

मंगळवार, २ एप्रिल

आत्या स्टुडिओत आली. स्थलांतराच्या फॉर्मला दोन फोटो हवेत. स्टुलावर ताठ बसली. मी हसा म्हणालो नाही.

पहिला फोटो काढला आणि तिने विचारलं, लेन्सचं झाकण प्लास्टिकचं असतं ना रे?

मी उगीच लाइट हलवत राहिलो. ती म्हणाली, चहा टाकत होते, बहिरी नव्हते. काच फुटल्याचा आवाज कळतो मला. मग त्या दिवशी अधिकाऱ्यासमोर का बोलली नाहीस, असं मी विचारलं. एवढ्या लोकांसमोर तुझं नाव मी कसं घेऊ, म्हणाली. तू सांगशील म्हणून थांबले. रोज वाट बघत होते.

आवाज जराही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. दुसऱ्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आले. पुन्हा काढायला सांगायचा धीर झाला नाही, पहिल्याच्याच दोन प्रती दिल्या.

बुधवार, ३ एप्रिल. सकाळी अकरा

काकांना सांगितलं. जिन्यातच, उभ्याउभ्या, सगळं. कात्री, गोंद, सगळं.

वाटलं होतं मारतील. ते पायरीवर बसले आणि आधी त्यांना हायसं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. म्हणजे भिंत हललेली नाही, असं दोनदा म्हणाले. मग एकदम उठले. अजून दोन दिवस आहेत, आत्ता पालिकेत जाऊ, तू लिहून दे, म्हणाले. बांधलेलं खोकं सोडून वही काढली. पण माझी नुसती वही ते मानणार नाहीत आणि तू तर आत्याचा भाचा, तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, असं पुटपुटले.

मग माझा दंड धरून विचारलं, त्या दिवशी काढायच्या आधीचा, पट्टी अख्खी असतानाचा एखादा फोटो असेल ना तुझ्याकडे? कसाही चालेल. अगदी खराब असला तरी.

अकरा होते, असं मी सांगितलं.