वीस हजारांतली एक न झालेली फेरी

प्रति,
मा. प्रवासी गणना अधिकारी,
वारसा रेल्वे संचालन कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार: तिकीट कारकून, खालचे स्थानक (सेवा एकतीस वर्षे).

विषय: मागील हंगामाच्या शेवटच्या रविवारी प्रत्यक्षात न झालेल्या, परंतु वार्षिक तक्त्यात झालेली दाखवलेल्या एका परतीच्या फेरीबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांवरील आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे, पैकी शेवटचे गेल्या महिन्याच्या नऊ तारखेचे.

महोदय,

१. आपले नऊ तारखेचे पत्र मिळाले. ते मी चार वेळा वाचले आणि माझी आधीची मागणी मागे घेण्याचे ठरवले. एवढे वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकून फाइल बंद कराल, म्हणून पहिल्याच परिच्छेदात कळवतो की विषय संपलेला नाही. माझी मागणी आता वेगळी आहे आणि ती अर्जाच्या शेवटी आहे. तत्पूर्वी अशा काही गोष्टी लिहीत आहे, ज्या आधीच्या तीन अर्जांत लिहायचे मला धैर्य झाले नाही.

२. आपण या पदावर नवीन आहात असे कळते. म्हणून मोजणीची रीत थोडक्यात सांगतो. आपली गाडी जुनी, वाफेची, दोनच स्थानकांची. आपण तीत माणसे मोजत नाही, फेऱ्या मोजतो, आणि त्याही गाडीत नव्हे तर माझ्या खिडकीवर. एकेरी तिकीट फाटले की एक फेरी. परतीचे फाटले की दोन, आणि त्या दोन्ही त्याच क्षणी झाल्या असे धरायचे, प्रवासी अजून खिडकीसमोर पिशवी सावरत उभा असला तरी. दिवसभराच्या पासाच्या चार फेऱ्या, मग पासधारक दिवसभर प्रतीक्षागृहात घोरत का पडेना. मांडीवरचे मूल शून्य. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मोफत पास असतो, तेही शून्य. माझी पत्नी या हिशेबाने सव्वीस वर्षे शून्य होती आणि त्यावरून मला चिडवत असे.

३. मोजणी गार्डही करतो, पण तो डोकी मोजतो. वर जाताना किती आणि उतरताना किती, हे आकडे तो डब्याच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहितो. वरच्या स्थानकामागे नुसती झाडी आहे आणि मोटारीचा रस्ता पायवाटेने अर्ध्या तासावर. शेवटच्या गाडीनंतर कोणी वर राहून जाऊ नये, एवढ्यासाठीच ही मोजणी. ती आपल्या कार्यालयाला पाठवायची नसते. संध्याकाळी ती फडक्याने पुसून टाकतात.

४. हंगामात वीस हजार फेऱ्या भरल्या की गाडी 'ब' वर्गात राहते व रोज धावते. एक जरी कमी पडली तरी 'क' वर्ग, म्हणजे गाडी फक्त सुटीच्या दिवशी आणि एकोणीसपैकी बारा माणसे घरी. त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे एक प्रथा आहे. ती कोठल्याही नियमात नाही, पण आपल्या आधीच्या तिन्ही अधिकाऱ्यांना ठाऊक होती व तिघांनीही तिच्याकडे काणाडोळा केला. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या घरचे लोक मोफत पास घरी ठेवतात आणि रीतसर तिकीट काढून गाडीत बसतात. आम्ही त्याला भरतीचा रविवार म्हणतो. मागील हंगामात ड्रायव्हरच्या आई दोनदा वर जाऊन आल्या. गार्डचे मेहुणे तीनदा, आणि तिसऱ्या वेळी ते आमच्यावर चांगलेच उखडले होते.

५. शेवटची गाडी सुटायला वीस मिनिटे उरली तेव्हा माझी बेरीज १९,९९८ होती आणि खिडकीसमोर चिटपाखरू नव्हते. मी खिडकी लावून स्थानकामागच्या आमच्या खोलीवर गेलो. पत्नी खाटेवर आडवी झाली होती. पुढील मजकूर मी यापूर्वी कोणालाही, माझ्या मुलीलासुद्धा, सांगितलेला नाही. मी म्हणालो, "चल, ऊठ. दोनच कमी पडताहेत. तू एक परतीचं काढलंस की झालं." ती म्हणाली, "आज नको हो. सकाळपासून छातीत जड वाटतंय." मी म्हणालो, "बसूनच तर जायचंय." त्यावर ती उठली, केस नीट केले, चपला घातल्या आणि माझ्यामागून आली. खिडकीपाशी आल्यावर परक्या बाईसारखा चेहरा करून म्हणाली, "एक परतीचं द्या, मास्तर. अन् जागा खिडकीची हवी." मी तिकीट फाडले. वीस हजार भरले. माझा जीव भांड्यात पडला, हेही मी येथे लाजेने नमूद करतो.

६. वर जाताना गार्डने दारावर त्रेसष्ट लिहिले. उतरायच्या वेळी बासष्टच भरली. त्याने तीन वेळा मोजले, मग गाडी अकरा मिनिटे थांबवून फलाट पालथा घातला. ती नळापलीकडच्या बाकावर बसलेली सापडली. तिला पायवाटेने रस्त्यापर्यंत आणि तेथून मोटारीने दवाखान्यात नेले. डॉक्टरांच्या मते ती बाकावरच गेली होती. दारावरचे त्रेसष्ट आणि बासष्ट गार्डने पुढे आठवडाभर पुसले नाहीत.

७. सहाव्या दिवशी वार्षिक तक्ता समोर आला. त्यावर मी सही केली. कोणीही माझ्यावर दबाव आणला नव्हता. बारा जणांच्या घरी काय होईल हे मला दिसत होते आणि त्या वेळी आकडा हा मला आकडाच वाटला. पुढे अहवाल छापून आला व प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लागला. येणारी माणसे तो वाचतात आणि म्हणतात, "अरे वा, बरोब्बर वीस हजार!" महोदय, त्या वीस हजारांत माझी पत्नी परत आलेली आहे. मी रोज संध्याकाळी कुलूप काढून खोलीत जातो, तेथे ती आलेली नसते. तिकीट आणि तक्ता, दोन्ही कागद माझ्याच हातचे आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणावर बोट ठेवायचीही सोय नाही.

८. म्हणून एक फेरी कमी करावी असा अर्ज मी केला. पहिले उत्तर आले की एका फेरीचा फरक अनुज्ञेय मर्यादेत असल्याने दखल घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या उत्तरात, परतीचा प्रवास केला नसल्याचे संबंधित प्रवाशाचे स्वाक्षरीसह निवेदन जोडावे, असे कळवण्यात आले. ते कोठून आणावे याचा खुलासा पत्रात नव्हता. तिसरे उत्तर आपले. ते समजुतीने लिहिलेले आहे हे मान्य करतो. दुरुस्ती केल्यास आकडा १९,९९९ होईल व वर्ग बदलेल, तरी अर्जदाराने फेरविचार करावा, असे आपण म्हटले आहे.

९. स्थानकावरची पत्रे एकाच टेबलावर येतात, त्यामुळे आपले हे उत्तर सर्वांनी वाचले. ड्रायव्हरने माझ्याशी बोलणे टाकले. फायरमनची बायको, जी माझ्या पत्नीच्या हाताखाली शिवण शिकली, दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली. गार्ड मात्र तोंडावर बोलला: "मास्तर, वहिनींसाठी मी गाडी अकरा मिनिटं थांबवली. आता तुम्ही सगळ्यांचीच थांबवणार का?" मुलीला फोनवर हकीकत सांगितली. तिचे म्हणणे, "बाबा, आकडा बदलला की तुम्हाला झोप लागणार आहे का? नाही ना? मग सोडा आता." तिला पाचव्या परिच्छेदातले काही ठाऊक नाही, म्हणून ती असे म्हणते. मला पत्नीची फार आठवण येते आणि आठवणीत दर वेळी ती खाटेवरून उठत असते.

१०. सबब माझी नवी विनंती अशी. तिच्या तिकिटाचा परतीचा अर्धा भाग माझ्याजवळ आहे. तो तिच्या मुठीत होता. दवाखान्याने तो चष्म्यासोबत पाकिटात घालून दिला. तिकिटाच्या मागे दोन अटी छापल्या आहेत: त्याच दिवसापुरते वैध, आणि दुसऱ्यास वापरता येणार नाही. या दोन्ही अटी एका माणसापुरत्या व एका फेरीपुरत्या शिथिल कराव्यात.

या महिनाअखेर मी निवृत्त होत आहे. एक तारखेला मी कर्मचारी नसेन आणि निवृत्तांचा मोफत पास मी घेतलेला नाही, त्यामुळे माझी फेरी शून्य धरता येणार नाही. त्या दिवशी मी पायवाटेने चालत वर जाईन, म्हणजे जाण्याची फेरी वाढायला नको. नळापलीकडच्या बाकावर बसेन. शेवटची गाडी आली की हे तिकीट दाखवून खाली येईन. गार्डने मला मोजावे. मग वीस हजारावी फेरी झालेली असेल, तक्त्यात खाडाखोड करावी लागणार नाही आणि कोणाला घरीही बसावे लागणार नाही. एकाच्या तिकिटावर दुसरा आला, तोही उशिराने, एवढा दोष राहील. तो माझ्या नावे लिहावा.

यामुळे ती परत येईल असा माझा समज नाही. मी एवढाही खुळा झालेलो नाही. तिला वर मी पाठवले, तेव्हा तिच्या वाटणीचे जे अंतर राहून गेले ते मी बसून पुरे करावे, इतकेच म्हणणे आहे. नकार द्यायचा असल्यास तोही एक तारखेपूर्वी द्यावा. त्या दिवशी मी वर जाणारच आहे, आणि परवानगी नसेल तर शेवटची गाडी मला न घेताच उतरेल व मी त्याच बाकावर असेन, गार्डच्या दोन्ही आकड्यांत नसलेला.

आपला नम्र, आणि मोजणीत एकदाच चुकलेला,

(सही)
तिकीट कारकून, खालचे स्थानक
दिनांक: १४, चालू महिना

सोबत:
१) मागील तीन अर्ज व तीन उत्तरे यांच्या प्रती.
२) त्रेसष्ट व बासष्ट हे आकडे स्वतः मोजल्याबद्दल गार्डचे सहीनिशी निवेदन. (ते त्याने न मागता आणून दिले.)
३) परतीचे अर्धे तिकीट जोडलेले नाही. आपण बोलावाल तेव्हा घेऊन येईन व समोर धरून दाखवीन. ते टपालात टाकणे मला जमले नाही.